रुग्णवाहिका आतून पाहताना

आटपाडीहून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्ण न्यायचा, तर ऐंशी किलोमीटरांहून अधिक रस्ता कापावा लागतो. वाटेत वळणे, गतिरोधक आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. तेवढा वेळ रुग्णवाहिका हेच त्याचे रुग्णालय असते. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ वाहनांनिशी ‘१०८’ सेवा सुरू झाली. गाडी किती मिनिटांत आली, याची चर्चा आपण नेहमी करतो. गाडीच्या आतली मांडणी कशी आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आमची तक्रार या मांडणीबद्दल आहे.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. धडक बसून हा वेग एका सेकंदाच्या सहाव्या भागात शून्यावर आला, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दहापट होते. गाडी थांबते, पण आतल्या वस्तू न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार पुढे जाऊ पाहतात. १५ किलोचा ऑक्सिजन सिलिंडर अडवणाऱ्या पट्ट्यावर तेव्हा दीडशे किलो वजनाइतका ताण येतो. सुतळीने बांधलेला सिलिंडर तोफगोळाच ठरेल. म्हणूनच ईएन १७८९ हे युरोपीय मानक स्ट्रेचर आणि उपकरणे दहापट त्वरणाला टिकली पाहिजेत, अशी अट घालते.

आता रुग्णाचा विचार करू. त्याचे डोके बहुधा चालकाच्या दिशेला असते. जोरात ब्रेक लागला की शरीर डोक्याच्या दिशेने सरकते. कमरेचा आणि पायांचा पट्टा ते पुरेसे रोखू शकत नाही. त्यासाठी खांद्यांवरून येणारे पट्टेच हवेत.

शेजारच्या कर्मचाऱ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘आपल्याकडे शिस्तच नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने तपासलेल्या रुग्णवाहिका-अपघातांतही मागच्या भागातले ८४ टक्के कर्मचारी पट्ट्याविना होते. कारण उघड आहे. आडव्या बाकावर पट्टा लावून बसले की रुग्णाची नाडी, सलाइन, समोरचे कपाट यांपैकी काहीच हाताला लागत नाही. काम करायचे तर उठावेच लागते. हा दोष माणसाचा नसून मांडणीचा आहे.

भारतात रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे मानक तयार झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडीत पट्टा आहे एवढ्याने भागत नाही. पट्टा लावलेल्या माणसाचा हात रुग्णापर्यंत पोचतो का, हे गाडी घेणाऱ्याने स्वतः बसून पाहिले पाहिजे. आसन रुग्णाकडे सरकणारे आणि वळणारे हवे, नेहमीच्या वस्तू हाताशी हव्यात. आपल्याकडे रुग्णासोबत नातेवाईक असतोच. त्यालाही पट्ट्याचे, शक्यतो पुढे तोंड असलेले आसन हवे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. खेळण्यातल्या ट्रकमध्ये बाहुली डोके पुढे करून निजवा. आधी फक्त कमरेला, मग खांद्यांवरूनही रबरबँड बांधा आणि दोन्ही वेळा ट्रक उतारावरून विटेवर आदळू द्या. बाहुली किती सरकली, हे मुलांना पट्टीने मोजू द्या. मग त्यांना गावातल्या रुग्णालयात न्या आणि उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेतले पट्टे मोजायला सांगा.