सागरी जीवशास्त्र आणि समुद्रशेती : करिअर-मार्गदर्शनपर लेखनाची एक मर्यादा

करिअर-मार्गदर्शनपर लेखनात सागरी जीवशास्त्र हे संशोधनाचे, तर समुद्रशेती हे रोजगाराचे क्षेत्र म्हणून प्रायः स्वतंत्रपणे मांडले जाते. ही विभागणी सदोष आहे. मूळच्या फिलिपिन्समधील कप्पाफायकस या समुद्रशैवालाची लागवड तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर तराफ्यांच्या साहाय्याने केली जाते. त्यापासून कॅरागीनन मिळते आणि मच्छीमार स्त्रियांना उत्पन्न लाभते. मात्र मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ हेच शैवाल प्रवाळांवर पसरल्याचे संशोधकांनी २००८ मध्ये नोंदविले. प्रवाळ नष्ट झाल्यास माशांचा आसरा जातो व त्याची झळ मच्छीमारांनाच पोहोचते. म्हणूनच शेती करणाऱ्यास परिसंस्थेचे आणि संशोधकास किनाऱ्यावरील उपजीविकेचे भान देणारा अभ्यासक्रम हाच या करिअरचा खरा पाया होय.