झेंडा उतरला, पाटी बदलली

आज आपल्याला एका झेंड्यावर आणि एका पाटीवर बोलायचं आहे. झेंडा अमेरिकेतला, पाटी आपल्या मराठवाड्यातली. दोन्हीकडे विरोध करणाऱ्यांनी साधारण एकच युक्तिवाद केला: हा आमचा इतिहास आहे, तो पुसू नका. आम्हाला आज हा युक्तिवाद तपासायचा आहे. तो फालतू नाही, चांगल्या माणसांनी केलेला आहे. म्हणूनच तपासायचा.

आधी झेंडा. १७ जून २०१५ ची रात्र, साउथ कॅरोलिना राज्यातलं चार्ल्स्टन शहर. इमॅन्युएल हे तिथल्या काळ्या लोकांचं जुनं चर्च. बायबलचं वाचन चाललेलं. एक अनोळखी गोरा तरुण आत येतो, लोक त्याला आपल्यात बसवून घेतात, आणि जवळजवळ तासभर बसून झाल्यावर तो गोळ्या झाडतो. नऊ माणसं गेली. चर्चचे पास्टर क्लेमेंटा पिंकनी गेले, ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. मारेकऱ्याचे फोटो नंतर बाहेर आले, त्यात त्याच्या हातात एक झेंडा होता. गुलामगिरी राखण्यासाठी दक्षिणेची जी राज्यं फुटून निघाली आणि १८६१ ते १८६५ लढली, त्यांचा तो युद्धातला झेंडा.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. तोच झेंडा कोलंबियाला राज्याच्या विधानभवनाच्या आवारात फडकत होता. शोक म्हणून देशाचा आणि राज्याचा झेंडा अर्ध्यावर आणला. हा मात्र पूर्ण उंचीवर, कारण २००० सालच्या कायद्याने विधिमंडळाच्या दोन तृतीयांश मतांशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. पिंकनींची शवपेटी अंत्यदर्शनासाठी विधानभवनात आणली, तीही त्या झेंड्याच्या सावलीत. दहा दिवसांनी ब्री न्यूसम नावाची तरुणी खांबावर चढली आणि तिने तो काढला. तिला अटक झाली आणि तासाभरात झेंडा परत वर गेला. मग सिनेटचं मतदान, मग खालच्या सभागृहात तेरा तासांहून अधिक चर्चा, ९४ विरुद्ध २० मतं, आणि १० जुलैला झेंडा उतरवून संग्रहालयात पाठवला. हत्याकांडापासून मोजलं तर तेवीस दिवस.

इतिहास म्हणणाऱ्यांना आम्ही पहिला प्रश्न विचारू: कधीपासूनचा इतिहास? तो झेंडा युद्ध संपल्यापासून तिथे नव्हता. तो विधानभवनावर चढला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. निमित्त युद्धाच्या शताब्दीचं, पण काळ होता काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा. म्हणजे चिन्ह शंभर वर्षांपूर्वीचं आणि लावणाऱ्यांचं भांडण चालू काळातलं. २००० साली तडजोड झाली, घुमटावरून काढून खाली आवारात सैनिकांच्या स्मारकापाशी लावला. उंची कमी झाली, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो जास्तच दिसायला लागला!

आता पाटीकडे येऊ. इथे मुखेडात बसलेल्या पन्नाशीपुढच्या माणसांना हे सांगायला नको, पण तरुण मंडळींसाठी सांगतो. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्यानंतर गावोगाव जे घडलं त्याला आपण ‘दंगल’ म्हणतो. आम्हाला हा शब्द पटत नाही. दंगलीत दोन बाजू भिडतात, इथे एका वस्तीची घरं जळत होती. आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारण्यात आलं.

विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद काय होता? निजामाच्या राजवटीत चिरडलेल्या या मुलखाने लढून आपलं अस्तित्व मिळवलं, ‘मराठवाडा’ हे त्या लढ्याचं नाव, ते विद्यापीठावरून काढू नका. गोविंदभाई श्रॉफ, अनंतराव भालेराव यांच्यासारखी माणसं विरोधात होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामातली माणसं ही, त्यांच्या त्यागाबद्दल आम्हाला काडीचीही शंका नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘मराठवाडा’ हा शब्द त्या झेंड्यासारखा नाही. तो कुणाला गुलाम करण्यासाठी जन्मला नाही. दलित माणूसही मराठवाड्याचाच.

मग दोन्ही प्रकरणं आम्ही शेजारी का ठेवतो? कारण चिन्हाचा उगम शुद्ध असला म्हणजे त्याचा वापर शुद्ध राहतो असं नाही. १९७८ च्या पावसाळ्यात ज्यांनी घरं पेटवली, त्यांच्या मनात मुक्तिसंग्राम किती होता आणि वस्तीतली शिकून नोकरीला लागलेली पोरं किती होती? अस्मितेचा शब्द तोच राहिला, त्याच्या आडून राग वेगळाच निघाला. गोविंदभाईंचा युक्तिवाद वेगळा आणि जाळणाऱ्यांचा हेतू वेगळा, हे आम्हाला मान्य आहे. पण आपला शब्द कुणाच्या हातात गेला आहे हे बघणं शब्द वापरणाऱ्याचं काम असतं, आणि ते काम त्या दिवसांत पुरेसं झालं नाही, असं आमचं मत आहे.

खरी टीका आम्हाला शासनावर करायची आहे. कोलंबियात रक्त सांडलं आणि त्यामुळे चिन्ह उतरलं. आपल्याकडे रक्त सांडलं आणि त्यामुळे ठराव थांबला. शांतता राखायची म्हणून! म्हणजे ज्यांनी घरं जाळली त्यांना नकाराधिकार मिळाला. सोळा वर्षं. लाँग मार्च निघाले, लोक तुरुंगात गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार जाहीर झाला. १९७८ ला मुख्यमंत्री शरद पवार, १९९४ लाही तेच. लोकांनी मारलेला दलित निर्णय थांबवायला कारण ठरला, स्वतःहून मेलेला निर्णय पुढे ढकलायला. हा हिशोब आम्ही कसाही मांडला तरी आम्हाला जुळत नाही.

नामविस्तार स्वतः मात्र आम्हाला वाईट तडजोड वाटत नाही. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. एका पाटीवर दोन आठवणी, कुणालाही मान खाली घालायला न लावणाऱ्या. झेंडा काढण्यावाचून इलाज नव्हता, कारण त्याच्याखालून जाताना काळ्या माणसाची मान खालीच जाणार. इथे काढायची गरजच नव्हती, जोडायचं होतं. मग एवढा सोपा उपाय १९७८ च्या ऑगस्टमध्ये का सुचला नाही? की सुचला आणि सोयीचा नव्हता? त्याच १९९४ च्या १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळं विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तिकडे गेली. अंतराची अडचण खरी होती, मुखेडचा पोरगा एका मार्कलिस्टसाठी औरंगाबादला कशाला जाईल. पण पोचिराम कांबळ्यांच्या जिल्ह्यातल्या पोराच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव यायचं ते जेमतेम येऊन लगेच गेलं, हेही खरं.

कोलंबियाचंही फार कौतुक नको. २०१४ च्या निवडणुकीतल्या वादविवादात तिथल्या गव्हर्नर निकी हेली म्हणाल्या होत्या की कंपन्यांच्या प्रमुखांनी कधी या झेंड्याचा विषय काढला नाही. झेंडा तोच होता, वर्षभरात त्यात काही बदललं नव्हतं. काढायचं कारण आधीही तेवढंच होतं. नऊ माणसं गेल्यावर फक्त थांबायची सबब संपली. आणि झेंडा गेला की हिशोब मिटला असं मानायची सोयही झाली. नऊ कुटुंबांचा हिशोब त्या खांबाशी संपत नव्हता.

इथल्या कॉलेजांत इतिहास, समाजशास्त्र शिकवणारे काही जण समोर दिसताहेत. अठ्ठ्याहत्तर साली ज्यांची घरं जळाली ती माणसं आता सत्तरी-ऐंशीची झालीत, आणि जी जमावात होती तीही. दोघंही कदाचित एकाच एसटीने तालुक्याला येतात. पोरांना वही-पेन घेऊन त्यांच्याकडे पाठवा, यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीतच. गावाचं नाव, तारीख, कुणाचं घर, आधी काय बोलणं झालं, पोलीस कधी आले, एवढं जरी लिहून आणलं तरी पुष्कळ होईल. आता तुमचे प्रश्न घेऊ.