धर्मानंदांचे ‘निवेदन’ : परगावी वाचताना

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी नोकराच्या घरात प्रथम शांतता पसरते, मग मुलांच्या शाळेची चौकशी सुरू होते, आणि मग आप्तेष्ट समजूत घालावयास येतात. घर सोडल्यावाचून माणूस वाढत नाही, हे वाक्य त्या समजुतीत हटकून असते. अलीकडे तेच कचेरीतल्या प्रशिक्षणवर्गांतूनही ऐकावयास मिळते. सवयीच्या वर्तुळाबाहेर पाऊल टाका म्हणजे तुमचीही उन्नती होईल आणि कामाचीही, असे व्याख्याते सांगतात. (आमच्या वर्गाचे व्याख्याते एकाच शहरात, एकाच जागेवर बावीस वर्षे होते, हे आम्हांस चहाच्या वेळी कळले.) या उपदेशाला मराठीतला दाखला द्यावयाचा झाला म्हणजे जी दोन-चार नावे पुढे येतात, त्यांत धर्मानंद कोसंबी यांचे नाव असते. गोव्यातील एक तरुण बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी घरदार सोडतो आणि अखेर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत जातो, एवढे त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्राचे सार सर्वांच्या तोंडी असते. हे सार खोटे नाही. परंतु १९२४ साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक प्रत्यक्ष उघडून वाचले म्हणजे हे सार अपुरे वाटू लागते. आणि जेथे ते अपुरे पडते तेथेच पुस्तक आपल्यासारख्या, दूरच्या नेमणुकीवर दिवस काढणाऱ्या वाचकाच्या अधिक जवळ येते, असे आमचे मत आहे.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. शिक्षण मराठी शाळेपुरते. लग्न लहान वयात झालेले, आणि पुढे नशिबी नारळीच्या बागांची देखरेख. ‘बालबोधमेवा’ या मासिकातील बुद्धावरचा एक लेख आणि पुढे गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र, एवढ्या सामग्रीवर या माणसाच्या मनात जे पेटले ते पुन्हा विझले नाही. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी गोवा सोडला. घरी पत्नी होती आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी होती.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे ती ही की, हे घर सोडणे एका फटक्यात झालेले नाही. त्यापूर्वीही ते बाहेर पडले होते आणि परत आले होते. वीरचरित्र लिहिणाऱ्याने या फसलेल्या फेऱ्या गाळल्या असत्या. धर्मानंद त्या गाळीत नाहीत. मनाला येणारी मरगळ, निश्चय करणे आणि तो मोडणे, स्वतःच्या बुद्धीविषयीची शंका, हे सर्व ते एखाद्या परक्या माणसाची हकीकत सांगावी तसे सांगतात. ‘धैर्य’ या शब्दाने ज्याचे वर्णन करण्याचा आपल्याला मोह होतो, त्याला त्यांच्या पुस्तकात फारसे स्थान नाही. आहे ती भूक. ज्या विषयाची ओढ लागली तो विषय शिकविणारा जवळपास कोणी नाही, म्हणून चालत राहणे भाग आहे, इतके ते साधे आहे.

मग पुणे, तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट आणि संस्कृताचा आरंभ, मग ग्वाल्हेर, मग काशी आणि तेथील अन्नछत्रातले जेवण. १९०२ साली बौद्ध धर्म जिवंत पाहावयास मिळेल या आशेने नेपाळ, आणि तेथे जे दिसले त्याने झालेली निराशा. मग बुद्धगया, कलकत्ता, आणि तेथून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पालीचा अभ्यास आणि श्रामणेर दीक्षा. पुढे मद्रास, ब्रह्मदेश, आणि फिरून उत्तर हिंदुस्थानातील बुद्धाची स्थाने. नकाशा समोर घेऊन बसले तर बोट दमते. पण प्रवासवर्णन वाचावयास बसलेल्या वाचकाची येथे निराशा होईल. देखावे जवळजवळ नाहीत. जेवणाची सोय काय झाली, पैसे किती उरले, प्रकृतीने कोठे दगा दिला आणि शिकविणारा कोण भेटला, हीच या लेखनाची सामग्री आहे. आमच्या दृष्टीने हा पुस्तकाचा दोष नसून तोच त्याचा कणा आहे. कारण गावोगावी या माणसाने जे केले ते एकच होते: तो पुन्हा पहिल्या पाठाला बसला.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ज्या वयात बरोबरीची माणसे मिळवती होऊन चारचौघांत मत देऊ लागतात, त्या वयात पुण्यास शब्दरूपे पाठ करावयाची. ती येऊ लागली की सिंहलात जाऊन पालीसाठी पुन्हा आरंभ करावयाचा. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी वळणाच्या गोल अक्षरांत. म्हणजे भाषा तीच, पण देश बदलला की अक्षर ओळखण्यापासून तयारी. सिंहलातील अन्न मानवत नाही ही त्रेधा निराळीच. घर सोडणे एकदाच करावे लागते. ‘मला येत नाही’ हे मात्र प्रत्येक मुक्कामावर नव्याने कबूल करावे लागते. आम्हांस असे वाटते की, धर्मानंदांनी जी ऊब सोडली ती साखवाळच्या घराची कमी आणि जाणता म्हणवून घेण्याची अधिक.

आता आम्ही आमच्याकडे वळतो, कारण हे पुस्तक आम्ही कलकत्त्यात वाचले, आणि वाचताना मान वर करवेना. या शहरात आमची नेमणूक होऊन सहा वर्षे झाली. पहिली चार वर्षे आम्ही येथे राहिलो असे म्हणणे धाडसाचे होईल. कचेरीत इंग्रजी आणि हिंदीवर भागत होते. शनिवारी-रविवारी मंडळात मराठी, गणेशोत्सवात मराठी नाटक, गावाहून येणाऱ्या डब्यात भाजणी आणि मेतकूट, आणि खिशातल्या फोनवर रोज रात्री आईचा आवाज. घर सोडून हजार मैलांवर आलो खरे, पण येताना घर बरोबर बांधून आणले होते. बसवरील बंगाली पाटी आम्हांस वाचता येत नव्हती आणि त्याची लाजही वाटत नव्हती, कारण कोणीतरी विचारल्यावर सांगत असेच. ‘निवेदन’ वाचून झाल्यावर शेजारच्या घोषबाबूंच्या सात वर्षांच्या नातीकडून आम्ही विद्यासागरांचे ‘वर्णपरिचय’ मागून आणले. १८५५ साली निघालेले हे पुस्तक आजही बंगाली मुलाच्या हातात प्रथम दिले जाते. बंगालीत ‘व’ आणि ‘ब’ यांना एकच अक्षर आहे, आणि आमच्या मराठी जिभेला ते प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला नेई. ती मुलगी न हसता म्हणे, “पुन्हा वाचा.” कचेरीत ज्यांच्या मसुद्यावर आम्ही तांबड्या शाईने खुणा करतो त्यांतील कोणी त्या वेळी दारातून डोकावला असता तर बरे वाटले नसते. बदलीने चार वर्षांत जे केले नाही, ते त्या ‘पुन्हा वाचा’ने सहा महिन्यांत थोडेफार केले. यात आमची थोरवी नाही. चार वर्षे फुकट गेली हीच त्यातली खरी गोष्ट आहे.

असो. पुस्तकाकडे परत येऊ, कारण त्यात एक प्रकरण असे आहे की सरकारी नोकराने ते दोनदा वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. १९०६ साली धर्मानंद कलकत्त्यात पाली शिकवू लागले. सर आशुतोष मुखर्जी यांच्यामुळे ते विद्यापीठात आले आणि स्थिर होण्याची पहिलीच संधी आयुष्यात समोर आली. तेथे दरमहा अडीचशे रुपयांपर्यंत मिळणे शक्य होते. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाडांकडून दुसरा प्रस्ताव आला: महाराष्ट्रात कोठेही राहा, वर्षाला एखादे पुस्तक लिहा, दरमहा पन्नास रुपये मिळतील. धर्मानंदांनी पन्नास घेतले. आपण ज्या जगात राहतो तेथे वेतनश्रेणीच्या एका पायरीसाठी चार वर्षे अर्ज चालतात. असा प्रस्ताव आमच्या शाखेत आला असता तर त्यावरील टिपणीत ‘अर्जदाराची प्रकृती तपासून घ्यावी’ असा शेरा पडला असता. परंतु आम्हांस यात पैशापेक्षा दिशा अधिक विचार करावयास लावते. उन्नतीसाठी बाहेर पडावे असे आपण म्हणतो. येथे बाहेर कोणते? कलकत्ता हे बाहेर होते, आणि तेथे मान, पगार, जम बसलेला. महाराष्ट्र हे घराच्या बाजूला होते, आणि तेथे पाली शिकणारा विद्यार्थी शोधण्यापासून तयारी होती. सुखाची खुर्ची परगावीच मांडलेली होती, आणि ती सोडण्याचा अर्थ घराकडे परतणे असा झाला. पुढे पालीला मुंबई विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून डॉ. भांडारकरांच्या साहाय्याने झालेली खटपट आणि १९१२ ते १९१८ या काळातील फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन हे त्या पन्नास रुपयांचे फळ होय. पु. वि. बापटांसारखा पालीचा पंडित त्याच शाळेत तयार झाला.

हार्वर्डचा भाग आम्हांस काशी-सिंहलाच्या भागाइतका रंगलेला वाटत नाही. १९१० साली धर्मानंद तेथे गेले ते हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन पुरे करण्यासाठी. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि ते १९१२ साली परतले. हा तपशील त्यांनी दिला आहे, पण वाचकाला ते शहर, ती थंडी, ते एकटेपण फारसे दिसत नाही. काम मात्र त्यांनी सोडले नाही. नंतर ते पुन्हा पुन्हा अमेरिकेस गेले. ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत भारतीय विद्याभवनाने १९४० साली प्रसिद्ध केला, आणि हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली, म्हणजे सेवाग्राम येथे धर्मानंदांचा अंत झाल्यावर तीन वर्षांनी. सिंहली आणि ब्रह्मी अक्षरांतून शिकलेला ग्रंथ त्यांनी अखेर आपल्या बाळबोध अक्षरांत आणून ठेवला, ही गोष्ट आम्हांस हार्वर्डच्या नावापेक्षा मोठी वाटते.

इतके मान्य करूनही या पुस्तकावर आमचा एक आक्षेप आहे, आणि तो आम्ही भक्तीपोटी गिळणार नाही. १८९९ साली जे घर मागे राहिले त्यात बाळाबाई होत्या आणि तान्ही माणिक होती. सहा-सात वर्षे हा माणूस देशोदेशी शिकत होता, तेव्हा त्या घरी काय चालले होते? धर्मानंदांना खंत नव्हती असे आम्ही म्हणत नाही. स्वतःच्या दुबळेपणाविषयी इतके उघड बोलणारा लेखक खंत लपविणार नाही. पण बाळाबाईंच्या बाजूने ती वर्षे कशी गेली हे ‘निवेदना’तून कळत नाही. अन्नछत्रात काय मिळाले हे सांगणाऱ्या पुस्तकात साखवाळच्या चुलीचा हिशेब नाही. त्यांचे चिरंजीव दामोदर हे गणिती आणि इतिहासकार म्हणून पुढे जगभर नावाजले. नात मीरा कोसंबी यांनी आजोबांचे निवडक लेखन २०१० साली इंग्रजीत आणले. घराण्याची विद्या सर्वांना दिसते. जिने ती पहिली वर्षे मुलीला घेऊन काढली तिच्यासाठी या आत्मचरित्रात जागा अपुरी आहे, आणि लेखक थोर आहे म्हणून ती उणीव भरून निघत नाही.

हा आक्षेप शंभर वर्षांपूर्वीच्या रीतीला आजचे माप लावणारा आहे असे कोणी म्हणेल. म्हणोत. आपल्यापैकी कितीतरी जणांची बिऱ्हाडे आज दोन ठिकाणी आहेत: मुलांचे शिक्षण नको मोडावयास म्हणून पत्नी साताऱ्यास किंवा नागपुरास, आणि आपण खानावळीच्या डब्यावर. बढतीचा हुकूम आपल्या नावे निघतो, आणि त्याची अर्धी किंमत ज्या घरात चुकती होते तेथे त्याची प्रतही जात नाही. स्वतः आम्ही गेल्या वर्षी बढतीसह येथेच मुदतवाढ स्वीकारली, तेव्हा घरी फोन करून बातमी दिली. विचारले नव्हते. ते आमच्या ध्यानात ‘निवेदन’ दुसऱ्यांदा वाचताना आले.

मंडळाच्या ग्रंथसंग्रहातील प्रत जुनी आहे, शिवण सुटलेली. सिंहलातील दिवसांच्या पानावर समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने लहान अक्षरांत ‘आणि घरी?’ एवढेच लिहिलेले आहे. अक्षर कोणाचे ते ग्रंथपालांनाही ओळखता आले नाही. पुस्तके खराब करणाऱ्या वाचकांविषयी मंडळाच्या सूचनाफलकावर कडक नियम आहे, आणि प्रत परत करताना ते शब्द खोडून टाकण्यास आम्हांस सांगण्यात आले होते. आम्ही ते खोडले नाहीत.