द्राक्षमळ्याची मजुरी

धर्मग्रंथातील वचन पुढे करून राज्य, मजुरी आणि दास्य यांचा निवाडा करण्याची रीत आमच्या सीमाभागाला नवी नाही. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले. तेथेच १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. हिंदू विधवेचे दुःख त्यांनी धीटपणे मांडले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु त्या दुःखाचे उत्तर त्यांनी धर्मांतरात शोधले आणि तेथे कादंबरीचे प्रवचन झाले.

ज्यांच्या कुलदैवतांना सोळाव्या शतकात कुशस्थळी आणि केळोशी सोडून अंत्रुज महालात आश्रय घ्यावा लागला, त्यांनी बायबलाचे नाव निघताच सावध व्हावे, यात नवल नाही. पोप पाचवा निकोलस याच्या १४५२ आणि १४५५ सालच्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांस कायमचे दास करण्याची मुभा दिली होती. तथापि सावध राहणे निराळे आणि मुळीच न वाचणे निराळे.

या ग्रंथाचा दास्याशी असलेला संबंध फार विलक्षण आहे. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, असे पौलाच्या पत्रात आहे. आणि मिसर देशाच्या दास्यातून एक अख्खे राष्ट्र बाहेर पडल्याची कथाही त्याच ग्रंथात आहे. वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये एक निवडक बायबल छापले गेले. त्यात पौलाचा उपदेश राहिला आणि मिसरमधून सुटकेचा भाग गळाला. ज्याने ही कात्री चालविली, त्याला ग्रंथाचे सामर्थ्य कोठे आहे हे भक्तांपेक्षा अधिक कळले होते, असे म्हणावे लागते! पुढे अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात, हे लिंकनने १८६५ सालच्या भाषणात खेदाने नमूद केले.

त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस ती अर्पण केलेली आहे. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ताला त्यांनी बळीराजाच्या मालिकेत बसविले. पण ते स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. गुलामांना राबविणाऱ्यांच्या हातीही तेच बायबल होते, याची जाणीव अर्पणपत्रिकेत दिसत नाही, हे त्यातील उणे. परंतु त्यांची नजर वचनावर नसून कृतीवर आहे. अमुक अध्यायात असे लिहिले आहे म्हणून गुलाम सोडा, असे ते म्हणत नाहीत. तिकडे माणसे सुटली, इकडची केव्हा सुटणार, असे विचारतात. पदमनजींहून ते येथे वेगळे पडतात, आणि आमच्या मते पुढे जातात.

आमच्या वाचकांना 'गुलामगिरी' जड जाते ती परशुरामामुळे. ज्याने समुद्र हटवून कोकणची भूमी दिली असे आम्ही बालपणापासून ऐकले, त्याच चिरंजीवाला जोतीराव हजर होण्याची नोटीस काढतात. अवतारांना आर्य टोळ्यांचे सरदार मानून रचलेला त्यांचा इतिहास आज कोणी इतिहास म्हणून स्वीकारणार नाही. परंतु इतिहास पाडला की त्यामागचा प्रश्नही पडला, असे समजणाऱ्या टीकाकारांनी ग्रंथ अर्धाच वाचला आहे.

आता मजुरीकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा एक धनी पहाटे मजूर लावतो. मग नऊ वाजता, दुपारी, तीन वाजता, आणि शेवटी दिवस मावळायला तास उरला असतानाही. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. तेव्हा माझे द्रव्य मी हवे तसे देईन, अशा अर्थाचे उत्तर धनी देतो. हे उत्तर कोणत्याही वखारवाल्याने आनंदाने आपल्या कचेरीत टांगावे असे आहे! उलट शेवटच्या मजुरांचे म्हणणे पाहा: आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. सकाळी नाक्यावर उभी असलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला एक दिनार हा एका घराचा दिवसाचा शिधा आहे, हे सांगावे लागत नाही. एकाच दृष्टान्तातून मालकाचा हक्क निघतो आणि मजुराचे पोटही.

रस्किनने १८६० साली या दृष्टान्तातील शब्द आपल्या निबंधांना शीर्षक म्हणून दिले आणि दुसरा अर्थ उचलला: मजुरीचा दर मागणीच्या लिलावात ठरू नये. गांधीजींनी १९०४ साली आगगाडीच्या प्रवासात ते पुस्तक वाचले आणि १९०८ साली 'सर्वोदय' या नावाने त्याचे गुजरातीत सार दिले. तेच गांधीजी १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. निपाणी तेथून फार दूर नाही. त्या निपाणीत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत वखारींत राबणाऱ्या बायकांना, पन्नासहून अधिक वर्षे लोटल्यावर, मजुरीसाठी संघटना बांधावी लागली. 'युगांतर' गटाने १९८२ साली त्यांच्यावर चित्रपट केला. रस्किनचे नाव त्यांनी ऐकले असेल असे आम्हांस वाटत नाही.

हे सारे ख्रिस्ती लोकांचे, असे म्हणून पुस्तक मिटणे सोपे आहे. पण मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार आहेत, नारदस्मृतीत पंधरा. आणि त्याच स्मृतींत वेतनाचा वाद हे स्वतंत्र व्यवहारपदही आहे. कात्री आमच्याही हाती होती. शिवाय आम्हांला वचनाचीही गरज पडली नाही, 'सेवा' हा एक शब्द पुरला. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडल्या गेल्या त्या सेवेसाठी. मुंबई इलाख्यात, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातही, १९३४ साली त्याविरुद्ध कायदा झाला आणि तो न पुरल्याने कर्नाटकाला १९८२ साली पुन्हा करावा लागला. आमच्या देवळांतील भाविणी, देवळी, वाजंत्री यांच्या कामालाही आम्ही सेवाच म्हणत आलो. त्या घरांतील एकाने, राजाराम पैंगीणकर यांनी, १९६९ साली 'मी कोण?' हे आत्मचरित्र लिहिले. ज्यांना 'गुलामगिरी'तील परशुराम सोसत नाही, त्यांनी निदान हे पुस्तक वाचावे. त्यात अवतारांची चर्चा नाही, आमच्याच देवळांच्या अंगणातील माणसे आहेत.