हंगामाची बेरीज आणि काळाची तुलना : रणजी करंडकातील बळींच्या विक्रमाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

रणजी करंडक स्पर्धेच्या २०२४-२५ च्या हंगामाचा अंतिम सामना विदर्भ आणि केरळ या संघांत नागपूरजवळील जामठा येथील मैदानावर झाला. २ मार्च २०२५ रोजी हा सामना अनिर्णित संपला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीच्या बळावर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. याच सामन्यात विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने हंगामातील आपल्या बळींची संख्या ६९ वर नेली. बिहारच्या आशुतोष अमन याने २०१८-१९ मध्ये घेतलेल्या ६८ बळींचा विक्रम त्यामुळे मागे पडला. अमनने त्यापूर्वी बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम मोडला होता.

६४, ६८, ६९ अशी ही चढती मालिका पाहिली की गोलंदाजीच्या गुणवत्तेचाही तोच क्रम असावा, असे सहज वाटते. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कोणत्याही खेळाडूच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचा यात हेतू नाही. वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या रचनांत जमा झालेल्या बेरजा एकाच तराजूत घालण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिची तपासणी करणे एवढाच मर्यादित उद्देश आहे.

टेनिसमधील समांतर उदाहरण

हा प्रश्न केवळ क्रिकेटचा नाही. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये एका वर्षात जिंकलेल्या सामन्यांच्या संख्येवरून खेळाडूंची तुलना केली जाते, तेव्हाही हीच अडचण उभी राहते. अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलासने १९७७ मध्ये १६ स्पर्धा जिंकल्या. फ्रेंच आणि अमेरिकन या दोन प्रमुख स्पर्धा त्यांत होत्या. त्या वर्षी त्याने १३० च्या आसपास सामने जिंकले. नेमका आकडा मात्र कोणत्या स्पर्धा अधिकृत धरायच्या यावर अवलंबून राहतो. जॉन मॅकेन्रोने १९८४ मध्ये ८२ सामने जिंकले आणि केवळ ३ गमावले. रॉजर फेडररची २००६ मधील कामगिरी ९२ विजय व ५ पराभव अशी आहे, तर नोव्हाक जोकोविचची २०१५ मधील ८२ विजय व ६ पराभव अशी.

निव्वळ बेरीज पाहिली तर व्हिलास सर्वांच्या पुढे आहे. विजयाचे प्रमाण पाहिले तर मॅकेन्रो ९६.५ टक्क्यांसह फेडररच्या (९४.८) आणि जोकोविचच्या (९३.२) वर जातो. विशेष म्हणजे इतके सामने जिंकूनही १९७७ मध्ये व्हिलास जागतिक क्रमवारीत अव्वल ठरला नाही. कारण त्या काळी क्रमवारी गुणांच्या सरासरीवर ठरत असे, बेरजेवर नव्हे. पद्धत बदलली की क्रम बदलतो, आणि पद्धतीची निवड ही आकड्यांच्या आधीची गोष्ट असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

चार हंगाम, चार गोलंदाज

रणजी करंडकातील पुढील चार हंगाम आपल्या विवेचनासाठी पुरेसे आहेत. चौघेही गोलंदाज डावखुरे आहेत, हा एक योगायोग. त्यांपैकी जयदेव उनाडकट हा वेगवान गोलंदाज असून इतर तिघे फिरकी गोलंदाज आहेत.

- १९७४-७५ : बिशनसिंग बेदी (दिल्ली), ६४ बळी, सरासरी ८.५३
- २०१८-१९ : आशुतोष अमन (बिहार), ६८ बळी, सरासरी ६.४८
- २०१९-२० : जयदेव उनाडकट (सौराष्ट्र), ६७ बळी, सरासरी १३.२३
- २०२४-२५ : हर्ष दुबे (विदर्भ), ६९ बळी, सरासरी १६.९८

या नोंदींत लपलेली एक गोष्ट साध्या गुणाकाराने पुढे येते. बेदींनी आपल्या ६४ बळींसाठी सुमारे ५४६ धावा दिल्या, अमनने ६८ बळींसाठी सुमारे ४४१, उनाडकटने ६७ बळींसाठी सुमारे ८८६, तर दुबेने ६९ बळींसाठी सुमारे ११७२. म्हणजे बेरजेत एका बळीचाच फरक असलेल्या अमन आणि दुबे यांनी मोजलेल्या किमतीत अडीच पटींहून अधिक अंतर आहे. सरासरी हाच निकष धरला तर क्रम जवळजवळ उलटा होतो : अमन, बेदी, उनाडकट, दुबे. तेव्हा ‘सर्वाधिक’ आणि ‘सर्वोत्तम’ ही दोन विशेषणे समानार्थी नाहीत, हे प्रथम मान्य करावे लागते.

स्पर्धेची रचना आणि संधीचे प्रमाण

बेरजेचा पहिला घटक म्हणजे संधी. अमनने ६८ बळी ८ सामन्यांत घेतले. उनाडकट आणि दुबे यांना प्रत्येकी १० सामने मिळाले. प्रतिसामना बळींचे प्रमाण अमनचे ८.५, दुबेचे ६.९ आणि उनाडकटचे ६.७ येते.

२०२४-२५ मध्ये एलिट विभागातील ३२ संघ आठ-आठच्या चार गटांत विभागले होते. प्रत्येक संघाला साखळीत ७ सामने होते. त्यापुढील तीन सामने केवळ अंतिम फेरी गाठणाऱ्यालाच मिळणार होते. विदर्भाने उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूला १९८ धावांनी आणि उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरविले. यश राठोडने त्या हंगामात ९६० धावा केल्या. अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ आणि करुण नायरने १३५ धावांची खेळी केली. दुबेचा विक्रम दहाव्या सामन्यात झाला, आणि तो दहावा सामना उपलब्ध करून देण्यात या फलंदाजांचाही वाटा होता.

टेनिसशी येथे एक महत्त्वाचा भेद आहे. टेनिसपटू सामना जिंकला की पुढचा सामना त्याला स्वतःच्या बळावर मिळतो. क्रिकेटमधील हंगामी बेरीज मात्र वैयक्तिक नावावर नोंदली गेली तरी अंशतः सामूहिक असते. हे केवळ विजेत्या संघाच्या बाजूने काम करते असेही नाही. संघातील इतर गोलंदाज समर्थ असतील तर बळी वाटले जातात. अमनने १४ डावांत गोलंदाजी केली. या डावांत बिहारला जास्तीत जास्त १४० बळी मिळू शकत होते. त्यांपैकी ६८, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या अमनचे होते. अंतिम सामन्यात केरळचा एकच डाव झाल्याने विदर्भाला दहा सामन्यांत अधिकाधिक १९० बळी शक्य होते. दुबेचे ६९ हे त्यांपैकी ३६ टक्के ठरतात. संघाचा भार वाहण्याची ही दोन वेगळी रूपे आहेत.

प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा

दुसरा घटक प्रतिस्पर्ध्यांचा. २०१८-१९ मध्ये न्यायालयीन निर्णयांनंतर नऊ संघ नव्याने किंवा पुन्हा स्पर्धेत आले आणि एकूण संघ ३७ झाले. हे नऊ संघ प्लेट गटात आपापसांत खेळले. अमनचे सर्व बळी या गटातील आहेत. त्याच हंगामात, त्याच गटात, सिक्कीमच्या मिलिंद कुमारने १३३१ धावा केल्या. व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने हैदराबादसाठी १९९९-२००० मध्ये केलेल्या १४१५ धावांच्या विक्रमानंतर ही तोवरची सर्वाधिक बेरीज होती. एकाच छोट्या गटात बळींचा विक्रम घडावा आणि धावांचा विक्रमही दृष्टिपथात यावा, हे केवळ खेळपट्ट्यांच्या स्वरूपावरून समजावून देता येत नाही. खेळपट्टी गोलंदाजांना साथ देणारी असती तर धावा आटल्या असत्या. गटात मोजके परिपक्व खेळाडू आणि मोठ्या संख्येने नवखे खेळाडू होते, हेच त्याचे अधिक समाधानकारक स्पष्टीकरण आहे.

याची एक चाचणी नागपुरातच झाली. प्लेट गटात पहिला आलेला उत्तराखंडचा संघ उपांत्यपूर्व फेरीत विदर्भाशी जामठ्यावर खेळला. विदर्भाने ६२९ धावा केल्या. त्यांत वसीम जाफरच्या २०६ आणि संजय रामस्वामीच्या १४१ धावा होत्या. विदर्भाने एक डाव आणि ११५ धावांनी विजय मिळविला. एका सामन्यावरून सिद्धान्त मांडणे उचित नव्हे. तथापि दोन गटांतील अंतराची दिशा त्यावरून कळते.

याच हंगामात विदर्भाच्या आदित्य सरवटेने ५५ बळी घेतले. एलिट विभागात विदर्भ ११ सामने खेळला, म्हणजे अमनच्या बिहारपेक्षा तीन अधिक. सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केले. विक्रमांच्या यादीत ५५ हा आकडा ६८ च्या पुष्कळ खाली राहतो. येथे काळ एकच आहे, वर्ष एकच आहे. तरीही दोन बेरजा परस्परांशी तुलनीय नाहीत. यावरून असे म्हणता येईल की, ‘युगभेद’ म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो तो पुष्कळदा रचनाभेद असतो आणि तो एकाच वर्षाच्या पोटातही असू शकतो.

दोन टोकाच्या भूमिकांची मर्यादा

या परिस्थितीत सामान्यतः दोन भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका अशी की, प्लेट गटातील कामगिरी विक्रमातून वगळावी किंवा तिच्यापुढे तारांकन लावावे. ही भूमिका वरवर न्याय्य वाटते. परंतु रेषा कोठे ओढायची याचे उत्तर तिच्याजवळ नाही. बेदींच्या काळी रणजी स्पर्धा विभागवार खेळली जाई आणि उत्तर विभागात दिल्लीबरोबर जम्मू-काश्मीरचाही संघ असे. त्या संघाला रणजीतील आपला पहिला विजय मिळविण्यासाठी १९८२-८३ पर्यंत थांबावे लागले. म्हणजे दुर्बळ प्रतिस्पर्धी १९७४-७५ मध्येही होते. फक्त त्यांना वेगळ्या गटाचे नाव नव्हते. नाव दिले म्हणून तारांकन लावायचे आणि नाव नव्हते म्हणून सोडून द्यायचे, हा न्याय नव्हे.

विदर्भातील वाचकाला तर या भूमिकेविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. १९५७-५८ मध्ये रणजीत पदार्पण केलेल्या विदर्भाला पहिल्या विजेतेपदासाठी २०१७-१८ पर्यंत वाट पाहावी लागली. २००२-०३ मध्ये एलिट व प्लेट अशी विभागणी सुरू झाल्यानंतर विदर्भानेही कित्येक हंगाम प्लेट गटात काढले. त्या हंगामांतील खेळाडूंचे श्रम ‘मोजण्याच्या लायकीचे नाहीत’ असे ठरविणे म्हणजे आपल्याच इतिहासाची पाने फाडणे होय.

दुसरी भूमिका गतकालाच्या गौरवाची. पूर्वीचे फलंदाज फिरकी उत्तम खेळत, म्हणून बेदींचे ६४ बळी आजच्या ६९ पेक्षा निर्विवाद मोठे, असे ती सांगते. बेदींच्या श्रेष्ठत्वाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी मालिकाही त्याच हंगामात झाली आणि तीत खेळून त्यांनी रणजीतील ही कामगिरी केली, हे ध्यानात घेतले तर आदर अधिकच वाढतो. परंतु ८.५३ ही सरासरी त्या हंगामातील इतर गोलंदाजांच्या सरासरीशी ताडून पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. ज्या हंगामात सर्वांच्याच वाट्याला कमी धावा येतात, तेथे कमी सरासरी ही अंशतः काळाची देणगी असते. आठवणीतील श्रद्धा आकड्याला जोडली की आकडा पुरावा न राहता अलंकार बनतो.

पर्यायी वाचनाची दिशा

बेरीज रद्द करावी असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ती एक वस्तुस्थिती आहे आणि नोंदवहीत तिचे स्थान अबाधित राहावे. मात्र तुलनेसाठी तिच्यासोबत तीन गोष्टी वाचल्या जाव्यात. पहिली, मिळालेले सामने व डाव. दुसरी, त्याच हंगामातील व त्याच गटातील सर्वसाधारण सरासरीच्या तुलनेत खेळाडूची सरासरी. तिसरी, संघाच्या एकूण बळींतील वाटा. याशिवाय बळी कोणत्या टप्प्यावर मिळाले हेही पाहिले पाहिजे. रजनीश गुरबानीने २०१७-१८ मध्ये अवघ्या ६ सामन्यांत ३९ बळी घेतले. बेरजेच्या यादीत हा आकडा कोठेच नाही. परंतु कर्नाटकाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात १२ बळी आणि दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक ही कामगिरी वगळून विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाचा इतिहास लिहिता येणार नाही.

या चर्चेचे महत्त्व क्रीडांगणापुरते मर्यादित नाही. वार्षिक परीक्षापद्धतीतील गुणवंत आणि सत्रपद्धतीतील गुणवंत यांचे गुण शेजारी शेजारी मांडून पिढ्यांचा दर्जा ठरविण्याचा मोह आपल्या महाविद्यालयांतही होतो. २०१० नंतर अध्यापकांच्या कार्याचे गुणांकन सुरू झाले, तेव्हाही शोधनिबंधांची बेरीज आणि त्यांची गुणवत्ता यांची अशीच गल्लत होताना आपण पाहिली. ज्या बेरजेवर निवड, बढती आणि प्रतिष्ठा अवलंबून असते, ती कशी जमली हे विचारणे हा अभ्यासकाचा अधिकार आहे आणि कर्तव्यही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. हंगामी बेरीज ही कौशल्य, संधी, प्रतिस्पर्धी आणि सहकारी या चारही घटकांचे फलित असते. तिच्यावरून केवळ कौशल्याचा क्रम लावता येत नाही. काळाकाळांतील तुलनेचा अडथळा हा बहुतांशी स्पर्धेच्या रचनेचा अडथळा आहे. कोणताही विक्रम वगळून वा त्यावर खूण करून हा प्रश्न सुटत नाही. विक्रमाचा संदर्भ पूर्णपणे सांगितल्यानेच तो सुटू शकतो.

या निकषांनी पाहता हर्ष दुबेचे ६९ बळी हे अमनपेक्षा महाग, परंतु एलिट विभागातील संघांविरुद्ध आणि बाद फेरीच्या दडपणाखाली मिळविलेले आहेत. अमनचे ६८ बळी दुर्बळ गटातील, परंतु संघाचा जवळजवळ निम्मा भार एकट्याने उचलून मिळविलेले आहेत. बेदींचे ६४ बळी अल्प धावांत मिळविलेले आणि अशा काळातील, ज्याचा संदर्भ आज मेहनतीने पुन्हा उभा करावा लागेल. हे तिन्ही आकडे एका शिडीच्या पायऱ्या नाहीत. ती तीन स्वतंत्र कर्तृत्वे आहेत, आणि प्रत्येकाचे मोल त्याच्या त्याच्या हंगामात जाऊनच ठरवावे लागते.