कार्य म्हणजे काय?

'घरात कार्य आहे' असे कोणी म्हणाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मांडव, वाजंत्री आणि पंगत उभी राहते. त्याच शब्दापूर्वी 'उत्तर' हे पद जोडले की घरावर शोककळा पसरते. शाळकरी मुलाला विचारावे, तर तो 'कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन' हे सूत्र घडाघडा म्हणून दाखवील. आणि समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलीला विचारावे, तर ती क्षणभर थांबेल व म्हणेल, "ते एका वाक्यात कसे सांगू?" एकाच शब्दाने इतकी बिऱ्हाडे सांभाळावीत याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. परंतु गेल्या काही महिन्यांत दोन अगदी भिन्न जातींचे लेखन मी शेजारीशेजारी ठेवून वाचले, आणि कौतुकाची जागा कुतूहलाने घेतली. एका बाजूला होते पुंज उष्णता-इंजिनांवरील शास्त्रीय निबंध; दुसऱ्या बाजूला कौटुंबिक न्यायालयांतील समाजकार्याविषयीचे कायदे, नियम, निवाडे आणि अहवाल. दोहोंच्या मुळाशी 'कार्य' हाच शब्द आहे, आणि दोहोंनाही तो नीट सांगता येत नाही. मात्र पहिल्या पक्षाने ही अडचण उघडपणे मांडली आहे. दुसऱ्याच्या तक्त्यांत तिचा मागमूसही नाही.

फराळाच्या ताटाबरोबर हे कसले शुष्क वाङ्मय वाढता, असे वाचक विचारतील. माझे उत्तर असे, की निबंध आणि अहवाल हेही लेखनच आहे. त्यांतही शब्द निवडलेले असतात, काही सांगितलेले असते आणि काही वगळलेले असते. ज्या लेखनावर एखाद्या लेकराचा ताबा कोणाकडे जावा हे ठरते, ते टीकाकाराने तपासू नये, हे मला पटत नाही.

प्रथम इंजिनाकडे वळू. १८२४ साली पॅरिसमध्ये सादी कार्नो या अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनिअराने अग्नीच्या चालकशक्तीविषयी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. उंचावरून खाली पडणारे पाणी जसे चाक फिरवते, तशी गरम जागेकडून थंड जागेकडे जाणारी उष्णता इंजिन फिरवते, ही त्यातील मध्यवर्ती उपमा. त्याने दाखविले की इंजिन कितीही नामी बनवा, उष्णतेतून किती कार्य निघेल याला एक वरची मर्यादा आहे, आणि ती केवळ दोन टोकांच्या तापमानांवर ठरते. पुढे असेही ध्यानात आले की ती मर्यादा गाठायची तर इंजिन इतके हळू चालवावे लागते की त्यातून दर क्षणी मिळणारी शक्ती शून्यावर येते. घाई केली की काही उष्णता वाया जाणारच. कार्नो १८३२ साली पटकीने वारला. त्याच्या हयातीत त्या पुस्तकाची फारशी दखल कोणी घेतली नाही.

कार्नोपुढे वाफेची अवजड धुडे होती. १९५९ साली बेल प्रयोगशाळेतील स्कोव्हिल आणि शुल्झ-डुबॉइस यांनी एका छोट्या निबंधात दाखविले की ऊर्जेच्या केवळ तीन पातळ्या असलेला मेसरही उष्णता-इंजिनच मानता येतो, आणि त्यालाही कार्नोचीच मर्यादा लागू पडते. पुंज उष्णता-इंजिनांच्या विचाराचा आरंभ येथे धरतात. मग साहजिकच प्रश्न आला, की जेथे दट्ट्या नाही, चाक नाही, तेथे कार्य कशाला म्हणायचे आणि उष्णता कशाला? १९७९ साली रॉबर्ट अलिकी यांनी जी व्याख्या रूढ केली ती मी घरगुती दृष्टांताने सांगतो. स्वयंपाकघरातील भांड्यांची मांडणी डोळ्यांपुढे आणा. भांडी जागच्या जागी ठेवून फळ्याच वर उचलल्या, तर ते कार्य. फळ्या जागच्या जागी राहून भांडी एका फळीवरून दुसरीवर गेली, तर ती उष्णता. फळ्या म्हणजे ऊर्जेच्या पातळ्या आणि भांडी म्हणजे त्या पातळ्यांवर अणू सापडण्याची शक्यता. व्याख्या देखणी आहे. पण फळ्या आणि भांडी एकाच वेळी हलू लागली की वाद सुरू होतो, आणि तो अजून मिटलेला नाही.

या वाङ्मयातील मला सर्वांत आवडलेला निबंध २०१६ सालचा. जर्मनीतील माइन्झ येथील रॉसनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियमचा एकच विद्युत्भारित अणू निमुळत्या सापळ्यात धरला, त्याला आळीपाळीने तापविले व थंड केले, आणि त्याच्याकडून इंजिनाचे काम करून घेतले. मिळालेली शक्ती सांगायची तर दशांश चिन्हापुढे एकवीस शून्ये मांडून मग ३४ लिहावे लागतात, तेही दर सेकंदाला एका ज्यूलचे माप धरून. कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.२८ टक्के, म्हणजे शंभर रुपयांची उष्णता घेऊन अठ्ठावीस पैशांचे कार्य! हा आकडा त्यांनी निबंधाच्या आरंभीच्या सारांशातच देऊन टाकला आहे. लपविण्यासारखा नसला तरी मिरविण्यासारखाही तो नाही. आणि तरीही तो दाराशीच टांगलेला आहे, ही मला थोर लेखनाची खूण वाटते.

तरी दोष दाखविल्यावाचून टीका पुरी होत नाही. एक तर, येथे अणू एकटा असला तरी त्याचे वागणे अजून जुन्या यामिकीच्या चौकटीतलेच होते. या प्रयोगाला सरसकट 'पुंज' म्हणणे घाईचे आहे. दुसरे, अणूला थंड करणाऱ्या लेसरच्या विजेचा खर्च त्या टक्केवारीत धरलेला नाही. शास्त्राच्या रीतीने हे रास्त असले, तरी सामान्य वाचकाला तेवढे स्पष्ट सांगायला हवे. तिसरा दोष मथळ्यांचा. यांतील काही लेखकांचाच २०१४ सालचा एक निबंध कार्नोच्या मर्यादेपलीकडील इंजिनाची घोषणा मथळ्यातच करतो. आत गेल्यावर कळते की तेथील उष्णतेचा साठा साधा नसून मुद्दाम विशिष्ट रीतीने घडविलेला आहे, आणि निसर्गाचा कोणताही नियम मोडलेला नाही. दुकानाची पाटी मालापेक्षा मोठी झाली, एवढेच.

पण या सर्व वाङ्मयाचा मुकुटमणी मी २००७ सालच्या एका निबंधाला मानतो. टाल्कनर, लुट्झ आणि हेंगी यांनी तेथे सांगितले की एखाद्या क्षणी वस्तूपाशी ऊर्जा किती हे मोजता येते. परंतु 'कार्य किती' हे एका क्षणी मोजताच येत नाही. कार्य ही वस्तूची अवस्था नव्हे. ते एका घडामोडीचे नाव आहे. म्हणून निदान दोनदा मोजावे लागते, आरंभी एकदा आणि शेवटी एकदा. तेवढ्यानेही भागत नाही. तीच घडामोड पुनःपुन्हा घडवावी लागते, आणि दर वेळी येणारी वेगवेगळी उत्तरे एकत्र मांडावी लागतात. शिवाय मोजमापाची एक किंमत असते. मध्येच डोकावून पाहिले तर अणूची नाजूक स्थिती विसकटते आणि जे पाहायचे तेच बिघडते. 'आम्हांला कार्य एका आकड्यात सांगता येत नाही' असे पदार्थविज्ञानाने म्हणावे, यात मला त्याची प्रौढी दिसते.

आता दुसऱ्या गठ्ठ्याकडे येऊ. आपल्या देशात कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला; पुणे आणि मुंबई येथे ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली. साहित्याच्या दृष्टीने पाहता या कायद्याचे पहिलेच वाक्य नाट्यपूर्ण आहे. त्याला समेट घडवायचा आहे आणि निकालही लवकर लावायचा आहे. संसाराचा गुंता सोडवायला सबुरी लागते. तारखा संपवायला घाई लागते. ही दोन उद्दिष्टे एका दमात उच्चारली आहेत, आणि त्यांच्यातील ताण पुढच्या प्रत्येक कलमात जाणवतो. नवव्या कलमाने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. पाचव्याने समाजकल्याण संस्थांना आणि सहाव्याने समुपदेशकांना दार उघडले. तेराव्याने पक्षकारांचा वकील देण्याचा हक्क आवरता घेतला. कायद्याच्या पुस्तकात समाजकार्याला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

आपल्याकडे या कार्यकर्त्यांना 'विवाह समुपदेशक' म्हणतात. नवरा-बायकोला समोरासमोर बसविणे, एकेकट्याचे ऐकून घेणे, प्रसंगी घरी जाऊन पाहणे, मुलाची व न भेटणाऱ्या बापाची भेट घडविणे, असे हे काम. पण सरकारी तक्त्यांत पाहावे तर स्तंभ तीनच: दाखल, निकाली, प्रलंबित. फार तर 'समेट झाला' असा आणखी एक रकाना. तेथे 'कार्य' शेवटच्या क्षणी मोजून मोकळे होतात. दोन प्रकरणे कल्पावी. एकीत बाई सासरी परत गेली, कारण माहेरी जागा नव्हती आणि पोटगीची आशा नव्हती. नोंद झाली 'समेट', म्हणजे यश. दुसरीत दोघे वेगळी झाली, परंतु मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला शेजारी बसू शकतील इतकी माणुसकी त्यांच्यात शिल्लक राहिली. नोंद झाली 'घटस्फोट', म्हणजे समुपदेशन फसले! फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांच्यासारख्या वकील-लेखिकांनी कुटुंब टिकविण्याच्या आग्रहाखाली बाईचे हक्क दबतात, अशी टीका पूर्वीच केली आहे. माझी तक्रार तिच्याच शेजारची आहे. ज्या नोंदीत या दोन प्रकरणांचा फरक दिसत नाही, ती नोंद कार्याची नव्हे.

कादंबरीचे शेवटचे पान वाचून तिची प्रत आपण ठरवीत नाही. मग माणसांच्या कहाण्यांना हा न्याय का? रखमाबाईंचा खटला आठवा. दादाजी भिकाजींनी बायकोला नांदायला पाठवावे म्हणून १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८७ साली दुसऱ्या न्यायमूर्तींनी नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. आजच्या तक्त्यात ही नोंद होईल ती 'तडजोड. प्रकरण निकाली' अशी. त्या चार वर्षांत वृत्तपत्रांतून एक स्त्री आपली बाजू स्वतः मांडते, संमतिवयाच्या १८९१च्या कायद्यापर्यंत पोहोचणारा वाद पेटतो, आणि तीच स्त्री पुढे विलायतेहून डॉक्टर होऊन येते, हे त्या रकान्यात कोठे मावणार?

न्यायसंस्थेला हे उमगतच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याने सहा महिने थांबायला सांगितले आहे. २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही मुदत योग्य प्रसंगी माफ करता येईल. मात्र त्यापूर्वी पाहावे, की वेगळे राहून पुरेसा काळ गेला आहे काय, समेटाचे सर्व प्रयत्न खरोखर करून झाले आहेत काय, पोटगी व मुलांचा ताबा यांचा प्रश्न मनापासून मिटला आहे काय, आणि आणखी थांबल्याने केवळ यातनाच वाढणार आहेत काय. येथे कॅलेंडरातील पाने मोजण्याऐवजी कापलेली वाट पाहिली आहे. मला तो निवाडा यासाठी वाचनीय वाटतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. समुपदेशकापुढे झालेले बोलणे आणि त्याची टिपणे महाराष्ट्राच्या नियमांनी गोपनीय मानली आहेत. मग ती वाट लिहायची कशी? आक्षेप खरा आहे आणि नियम तर फारच शहाणा आहे. आपले बोलणे उद्या पुराव्यात येणार, असे कळले तर कोण मन मोकळे करील? येथेही मध्येच डोकावल्याने तेच बिघडते. पण शास्त्रज्ञांनी वाट बंद झाली म्हणून लेखणी खाली ठेवली नाही. खोलीच्या आत पाहू नये. आरंभी एकदा आणि पुढे वर्षाने एकदा, ज्यांची खुशी असेल त्यांनाच विचारावे. पोटगी वेळेवर येते काय? मूल दोघांना भेटते काय? मारहाण थांबली काय? परत गेलेली बाई स्वतःच्या इच्छेने राहते आहे काय? अशी शेकडो उत्तरे नावे गाळून एकत्र मांडावी आणि त्यांची सरासरी काढून गप्प बसू नये. त्यांतील विविधताही जशीच्या तशी दाखवावी. आणि आकडा ०.२८ टक्के आला, तर तोही दाराशी टांगावा. समाजकार्याला त्याने कमीपणा येणार नाही.

शेवटी एक इशारा. ही तुलना लेखनाची आहे, माणसांची नव्हे. नवरा म्हणजे तप्त टोक आणि बायको म्हणजे शीत टोक, असली रूपके करून हसण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला आहे. अणूला थंड केले म्हणून तो रडत नाही. दोन घरांत वाटले गेलेले मूल रडते. म्हणूनच समुपदेशकाच्या कार्याची नोंद अणूच्या कार्याहून अधिक काळजीने व्हायला हवी, आणि आज ती कमी काळजीने होते आहे. घरातले 'कार्य' पार पडले असे आपण म्हणतो ते मांडव उतरल्यावर. पण दोन माणसांचे सूत जुळले की नाही, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक असते? ते पुढच्या दिवाळीला घरी आलेल्या लेकीच्या चेहऱ्यावर आई वाचते. आपल्या न्यायालयांच्या अहवालांना तसे वाचणारे कोणी तरी हवे आहे.