दाराबाहेरची वास्तुकला

जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल धावू लागली, त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले आणि उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या फ्लॅटच्या जाहिरातींना नवा मजकूर मिळाला. एरवी हा भाग कंटेनर, ट्रेलर आणि त्यांच्या धुळीसाठी ओळखला जायचा. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या पाठीशी सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आखलेला हा नोड कित्येक वर्षे अर्धवट रस्ते आणि मोकळे प्लॉट घेऊन बसला होता. आता जाहिरातीत कार्पेट एरिया असतो, पार्किंग असते, स्टेशन किती मिनिटांवर आहे तेही असते. शेजारच्या इमारतीची खिडकी किती फुटांवर आहे, हे मात्र कुठे छापलेले नसते. आजच्या सामूहिक घरबांधणीचे समीक्षण करायचे तर ते याच न छापलेल्या मजकुराचे करायला हवे. घराचे दार आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही असते, म्हणजे जिना, लिफ्ट, कॉरिडॉर, तळमजला, दोन इमारतींमधली फट, त्याची रचना आपण जवळजवळ सोडून दिली आहे.

द्रोणागिरीतल्या बहुतेक खासगी इमारतींचा खरा आर्किटेक्ट म्हणजे ‘साडेबारा टक्के’. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात भूमिपुत्रांचे आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. न्याय्य मागणी होती. पण भूखंड वाटले गेले सुटेसुटे, लहानमोठे, दीड एफएसआयचे (भूखंडाच्या दीडपट बांधकामाचे), पंधरा टक्के दुकानांची मुभा असलेले. बिल्डरने ते घेतले, खाली गाळे आणि स्टिल्ट पार्किंग टाकले, वर बसतील तेवढे मजले चढवले. प्रत्येकाने आपापले मार्जिन सोडले, आपापली कंपाउंड वॉल घातली. अशा दोन भिंतींमध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तिथे ड्रेनेजचे चेंबर असतात, एसीचे पाणी ठिबकते, पण माणूस फिरकत नाही. ही सगळी जागा एकत्र केली असती तर प्रत्येक सेक्टरला एक बरे मैदान मिळाले असते.

दुसरा प्रकार खुद्द सिडकोचा. २०१८ च्या सोडतीत १४,८३८ घरे होती. तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी. आर्थिक दुर्बल गटाला पावणेतीनशे चौरस फुटांच्या आसपास, अल्प उत्पन्न गटाला सव्वातीनशेच्या आतबाहेर. आता अशी घरे ‘मायवान’ने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात सबंध भिंती ओतून, नाहीतर कारखान्यात तयार केलेले भाग जोडून बांधली जातात. बामणडोंगरीला सिडकोने ९६ दिवसांत ९६ घरे उभी करून दाखवली. वेग कौतुकाचा आहे. घरांची गरज इतकी मोठी असताना वेगाला नाक मुरडणे हा पोट भरलेल्यांचा शौक. पण ओतीव काँक्रीटच्या भिंतीला मालक नंतर हात लावू शकत नाही. मुलाचे लग्न झाले म्हणून स्वयंपाकघर सरकवता येत नाही. आणि साचा एकदा आला की नकाशाही साच्यातून येतो. खाडीचा वारा कुठून येतो, पाऊस कोणत्या अंगाने झोडपतो, हे त्याला विचारावेसेच वाटत नाही.

हीच सिडको एके काळी असे प्रश्न विचारत होती. चार्ल्स कोरिया १९७० ते ७४ या काळात तिचे मुख्य आर्किटेक्ट होते. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारले. सात-आठ घरांमागे एक सामाईक अंगण, प्रत्येक घर सुटे आणि वाढवता येईल असे. बहुतेक मालकांनी ते इतके वाढवले की मूळ घर आज शोधावे लागते. काहींना हा त्या रचनेचा पराभव वाटतो, पण घर वाढावे हीच तर तिची अट होती. जवळच आर्किटेक्ट राज रेवाल यांनी हजारावर घरे टेकडीच्या उतारावर गच्च्या आणि गल्ल्यांच्या गुंफणीत बसवली. गंमत अशी की याच कोरियांचा मुंबईतला ‘कांचनजंगा’ १९८३ चा. अठ्ठावीस मजले आणि फक्त ३२ फ्लॅट! पश्चिमेचे ऊन आणि पावसाळी झड अडवायला त्यांनी कोपऱ्यांत दोन मजली उंचीचे खोल व्हरांडे कोरले. तो धडा लहान घरांपर्यंत उतरलाच नाही. तिथे बाल्कनी असलीच तर ती स्लायडिंग लावून आत घेण्यासाठीच असते.

उंच इमारत गरिबाला सोसत नाही, असे सांगताना जगभर सेंट लुइसच्या प्रुइट-आयगोचा दाखला दिला जातो. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, पहिले रहिवासी १९५४ मध्ये आले, १९७२ पासून सुरुंग लावून पाडापाडी. दोष आर्किटेक्ट मिनोरू यामासाकी यांच्या माथी बसला. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, ही चूक खरीच. पण शहराची लोकसंख्या ओसरत होती आणि देखभालीचा खर्च रहिवाशांच्या भाड्यातून भागवायचा होता. भाडेकरू घटले तसे लिफ्टही बंद पडल्या आणि दिवेही. तिकडे सिंगापूरचे सरकारी गृहनिर्माण मंडळ, एचडीबी, १९६० पासून तसेच उंच ठोकळे बांधत आले, पुढे डक्स्टनला पन्नास मजल्यांपर्यंत गेले. देशातली बहुसंख्य माणसे तिथे राहतात आणि इमारती नांदत्या आहेत.

सिंगापूरच्या बहुतेक जुन्या ठोकळ्यांचा तळमजला खांबांवर मोकळा असतो, अगदी द्रोणागिरीच्या स्टिल्टसारखा. तिथे लग्ने लागतात, मयताला लोक जमतात, म्हातारी माणसे पट मांडून बसतात. देखभाल टाउन कौन्सिल पाहते. आपल्याकडे त्याच खांबांमध्ये पिवळे पट्टे मारून गाड्या उभ्या केल्या. रचना तीच, खर्चही फार वेगळा नाही. हळदीसाठी मात्र रस्त्यावर मांडव घालावा लागतो.

फटीचा हिशेब त्याहून गंभीर आहे. मानखुर्द-गोवंडीतल्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर ठेवले गेले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने केलेल्या अभ्यासात तिथल्या क्षयरोगाचा संबंध घरात न पोचणाऱ्या उजेडाशी आणि वाऱ्याशी जोडला गेला. खालच्या मजल्यांची स्थिती अधिक वाईट होती. या इमारती काही गगनचुंबी नाहीत. माणसाला आजारी पाडायला उंची लागत नाही, नियमात सूट पुरते.

मुंबईच्या बीडीडी चाळींची कथा याच्या उलट क्रमाने जाते. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने तळमजला अधिक तीन अशा २०७ चाळी बांधल्या, एकशे साठ चौरस फुटांची एकेक खोली. कामगारांना त्या आवडल्या नाहीत, कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग केला गेला! पुढे माणसांनी त्या लांब कॉरिडॉरमध्ये संसार, गणपती, क्रिकेट आणि युनियन असे सगळे वसवले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या नव्या मनोऱ्यांमधील ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, पाचशे चौरस फुटांची घरे. घर तिपटीने मोठे झाले याचा आनंद कुणाला नसेल? तरीही नवी मुंबईचे एक मूळ शिल्पकार शिरीष पटेल शेवटपर्यंत विचारत राहिले तो प्रश्न उरतोच: एका हेक्टरवर एवढी माणसे चढवल्यावर रस्ता, शाळा, मैदान त्यांच्या वाट्याला किती येणार? ते मजल्यांपेक्षा घनता मोजत.

पाडून पुन्हा बांधणे हा एकच मार्ग नाही. फ्रान्समध्ये लाकातों आणि वासाल या जोडीने बोर्दोतल्या साठच्या दशकातल्या ५३० फ्लॅटना रहिवाशांना न हलवता बाहेरून खोल काचेचे व्हरांडे जोडले. २०२१ चे प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळाले. उरणच्या गावठाणांत लोक वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत. सरकारी भाषेत त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि नियमित करण्याची आश्वासने दर निवडणुकीला मिळतात. बोकडविरा किंवा करंजाच्या गल्लीत दाटी आहे, गैरसोय आहे, पण ओटा आहे. सेक्टरांत ओटा नाही.

सेक्टरांतल्या इमारती म्हाताऱ्या झाल्यावर काय होते, ते वाशीत दिसले. तिथे सिडकोने बांधलेल्या जेएन टाइपच्या चार मजली इमारतींचे स्लॅब गळू-कोसळू लागल्यावर पुनर्विकासाचा वाद वर्षानुवर्षे चालला: एफएसआय किती, संमती कुणाची, बिल्डर कोण. द्रोणागिरी तर खाडीवरच्या भरावावर उभी आहे. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी धारण तलावांत थोपवायचे आणि ओहोटीला झडपा उघडून सोडायचे, अशी तिची व्यवस्था. हवेत बारमाही खारटपणा. ओतीव भिंतींमधल्या सळयांना तीस-चाळीस वर्षांनी गंज चढेल तेव्हा दुरुस्तीचा खर्च सोडतीत घर मिळालेल्या कुटुंबांच्या सोसायट्यांवरच येणार आहे. दरम्यान शेजारीच उरण, पनवेल आणि पेणची १२४ गावे ‘तिसऱ्या मुंबई’साठी अधिसूचित झाली आहेत. तिथला भूखंडांचा नकाशा अजून कागदावर आहे. जमीनमालकांना परत मिळणारे तुकडे कंपाउंड वॉलशिवाय एकत्र कसे आखता येतील, हे तपासायला तिथे अजून वेळ आहे.